जोडघर, तळघर आणि आपली काळी माती

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण दोघा भावांनी मिळून प्लॉट घेतलाय आणि मधली एक भिंत सामाईक ठेवून दोन घरं काढायची आहेत, अशांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

बीडमध्ये सध्या एक नवीन टूम आहे. दीड-दोन हजार फुटांचा प्लॉट, त्यावर चिकटून दोन घरं, तीन बाजू मोकळ्या आणि चौथी भिंत दोघांची. बिल्डर त्याला 'ट्विन बंगला' म्हणतो, आपण जोडघर म्हणू. आणि नकाशा काढायला बसलं की तिसऱ्या मिनिटाला प्रश्न येतो, खाली तळघर काढायचं का? मेव्हणा म्हणतो, पुण्यात सगळे काढतात. मिस्त्री म्हणतो, काढा की, मी आहे ना. मोठा भाऊ म्हणतो, खताची पोती आणि कापूस ठेवायला जागा होईल. धाकट्याच्या डोक्यात भाड्याचं गोडाऊन असतं. सून बिचारी विचारते की पाणी आलं तर काय, पण तिला कोण विचारतो!

मी काही इंजिनिअर नाही. वीस वर्षं पडलेल्या घरांच्या बातम्या लिहितोय, त्या निमित्ताने जुने वाडे, गढ्या, पेवं बघत फिरलो. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. आपल्या पणज्यांनीही घराखाली खोदलं, आणि भिंतीला भिंत लावून घरं बांधली. पण कुठं खोदायचं आणि कुठं अजिबात नाही, हे ते माती बघून ठरवायचे. आपण चौरस फुटाचा भाव बघून ठरवतो.

आधी शहराच्या नावाचंच बघा. 'बीड' कुठून आलं, याच्या दोन गोष्टी सांगतात. एक अशी की बालाघाटाच्या पायथ्याशी, जणू बिळात बसल्यासारखं गाव, म्हणून बीळ, त्याचं पुढे भीर, बीड. दुसरी अशी की इथं थोडं खणलं तरी पाणी लागायचं, म्हणून 'बीर', म्हणजे विहीर. खरी कोणती यावर अभ्यासकांनी भांडावं. पण दोन्ही गोष्टींत तळघर काढणाऱ्याला सावध करण्यासारखं बरंच आहे. गाव खोलगट जागेत आहे आणि पाणी वर आहे. खजाना बावडी आठवा. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेली. जमिनीखालच्या बोगद्यातून पाणी आणून पुढे शेतीला दिलेलं, आणि ते काम अजून जिवंत आहे. ज्या गावात चारशे वर्षांपूर्वी लोक जमिनीखालच्या पाण्याला वाट काढून देत होते, त्या गावात आपण खड्डा खणून 'खाली कोरडं राहील' असं गृहीत धरतो.

आता मातीचं. आपल्याकडे जुन्या कागदांत गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. हे नुसते सरकारी शब्द नाहीत. पिढ्यानपिढ्या माणसं एकाच टेकाडावर राहिली. राख, शेण, पडलेल्या भिंती, परत त्यावर नवी भिंत, असं करत ती जागा भुरकट, पांढुरकी झाली. आजूबाजूच्या रानापेक्षा उंच झाली. ही माती पावसात फुगत नाही, उन्हाळ्यात फाटत नाही, धोपटली की घट्ट बसते. म्हणून तीच भिंतीला, तीच माळवदावर. शेतकरी तीच खत म्हणून रानात नेतो. गावाला बाहेरची माणसं 'पांढरीवर आली' असं म्हणायचे, आणि पांढरीच्या बाहेर घर बांधायला लोक कचरायचे.

काळीचा स्वभाव उलटा. पाणी पिऊन फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मेच्या महिन्यात काळ्या रानातून चालून बघा. तिच्यावर ठेवलेलं घर दर वर्षी थोडं वर, थोडं खाली होत राहतं. दारं अडकतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा जातात, आणि आपण सिमेंट कंपनीला शिव्या देतो. स्वातंत्र्यानंतर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात मुद्दाम काळ्या मातीसाठी खाली फुगीर बुडाचे खांब पुरण्याची पद्धत तयार केली, एवढा हा देशाचा डोकेदुखीचा विषय होता. आपल्या म्हाताऱ्यांनी त्याचं उत्तर सोपं काढलं होतं, काळीवर घरच बांधायचं नाही.

आणि आपण गेल्या तीस-चाळीस वर्षांत काय केलं? पांढरी भरली, काळी एनए झाली. बीडच्या चहूबाजूंचे लेआउट बघा, माजलगाव बघा, गेवराई बघा. कालपर्यंत कापूस होता तिथे आज 'साईनगर' नाहीतर 'ग्रीन पार्क'. १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगर-बीड रेल्वे धावली, तेव्हापासून तर प्लॉटच्या जाहिरातींनी भिंती भरल्या.

जमिनीखाली साठवायची आपली जुनी सोय म्हणजे पेव. 'पेव फुटणे' आपण रोज बोलतो, क्लासेसचं पेव फुटलं, पतसंस्थांचं पेव फुटलं. पण खरं पेव किती जणांनी पाहिलंय? तोंड माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं, मडक्यासारखं. आतून कडबा, पाचट, भुसा लावायचा, ज्वारी भरायची, तोंड बंद करून वर माती. आत धान्याच्या श्वासानेच हवेतला प्राणवायू संपतो, किडे मरतात, आणि ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. कडेची थोडी काळी पडते, भाकरीला एक वास येतो, ती पेवातली ज्वारी म्हणून ओळखू येते. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड मोकळं ठेवायचं, मग दिवा सोडायचा, दिवा विझला तर अजून थांबायचं. ज्यांनी घाई केली ते वर आले नाहीत. (आजच्या तळघरात जनरेटर ठेवणाऱ्यांनी ही ओळ परत वाचावी.)

पण मुद्दा असा की पेव कुठंही खणत नसत. जिथं पांढरी जाड आहे किंवा खाली कोरडा मुरूम आहे तिथंच. घाटावर, म्हणजे अंबाजोगाई, केज, पाटोदा या बाजूला मुरूम आणि दगड वर आहे, तिथं खाली जाणं परवडतं. गंगथडीला, गोदावरीच्या काठाने, काळीचे थर खोल. तिथं धान्य जमिनीवरच ठेवणं शहाणपणाचं. शेणाने सारवलेल्या कणग्या, नाहीतर भिंतीतच बांधलेलं बळद. तिकडे सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध होती, शेकड्यांनी. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांचं मोठं नुकसान झालं. पिढ्यांनी पारखलेली जागा, तरी पुराने ऐकलं नाही.

पेवाचा आणि तळघराचा दुसरा उपयोग होता लपवण्याचा. १९४० च्या दशकात निजामाच्या राज्यात धान्याची सक्तीची लेव्ही होती. किती पोती घरात आणि किती जमिनीत, हे घरच्या कर्त्यालाच ठाऊक. रझाकारांचे दिवस आले, मग सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन, आणि त्यानंतरचे आठवडे जेव्हा भीती दुसऱ्या मोहल्ल्यात गेली. त्या काळाबद्दल बोलणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी. जुन्या बीडमधल्या एका आजींनी मला सांगितलं होतं की त्यांच्या आणि शेजारच्या घराच्या मधल्या भिंतीत एक बुटकं दार होतं, एरवी विरजण आणि विस्तव द्यायला-घ्यायला. त्या दिवसांत त्याच दारातून आधी एका घरच्या बायका-पोरं दुसरीकडे गेली, आणि काही दिवसांनी दुसऱ्या घरची पहिलीकडे. घरं कोणाची होती ते त्यांनी सांगितलं, मी लिहीत नाही. पुढे वाटण्या झाल्या तेव्हा ते दार विटांनी बुजवलं.

सामाईक भिंत म्हणजे काय, हे आपल्या जुन्या माळवदाच्या घरांनी जेवढं जाणलं तेवढं कुठल्याच ब्रोशरने नाही. घर मोजायचं ते खणांत, दोन खणी, पाच खणी. लाकडी खांब, त्यावर तुळया, वर किलच, त्यावर पांढरीचा थर. गल्लीतली सगळी माळवदं एका पातळीवर. राजुरी वेशीच्या आतल्या जुन्या माणसांना विचारा, पोरं एका घराच्या माळवदावरून चढली की पाच घरांपलीकडे उतरायची. उन्हाळ्यात सगळी गल्ली वर झोपायला. दोन घरांत भिंत एक असली की माती, दगड, मजुरी अर्धी. ऊन एका बाजूने कमी. आणि भांडण मात्र दुप्पट. माझ्या तुळईचं टोक तुझ्या बाजूला किती गेलं, कोनाडा कोणी कोरला, पन्हाळीचं पाणी कोणाच्या अंगणात. तालुक्याच्या कोर्टात अशा दाव्यांवर वकिलांच्या दोन पिढ्या जगल्या.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक झोपलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सरकारी आकड्याने ७,९२८ माणसं गेली. तो भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आपण बीडवाले अंगणात पळालो आणि वाचलो, पण किल्लारी, सास्तूर इथून परत आलेल्या प्रत्येकाने एकच वर्णन केलं, दगड आणि माती.

का पडली ती घरं? भिंती दोन-तीन फूट जाड होत्या, म्हणजे मजबूत असायला हव्या होत्या. पण आतून त्या एक नव्हत्याच. बाहेरची दगडाची एक पाळ, आतली एक, आणि मध्ये खडी-मातीचा भराव. दोन्ही पाळी बांधून ठेवणारा आरपार लांब दगड खर्च वाचवायला टाकलेला नाही. हादरा बसला की पाळी सुटून दोन बाजूंना कोसळल्या. आणि वर माळवद. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती धरली तरी सहा-सात टन भरते. दर पावसाळ्याआधी नवी माती टाकत गेलं की थर वाढतच जातो, जुनी कोणी काढत नाही. पण त्याच गावांत असंही दिसलं की जिथं लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा पक्का होता, तिथं भिंती पडल्या तरी छत वर राहिलं आणि खालची माणसं वाचली. खणाचं घर दोषी नव्हतं. भिंत पडली ती मधल्या कच्च्या भरावामुळे.

हे बारकावे कोणी ऐकले नाहीत. भीती बसली ती माळवदावर, आणि एकमेकांना चिकटलेल्या घरांवर. लोकांनी माती उतरवून पत्रे टाकले. सागवानी तुळया घाऊक विकल्या. ५२ गावं नव्या जागी वसवली, जमीन किती त्यावर २५०, ४५० नाहीतर ७५० चौरस फुटांचं घर, सुटं सुटं, रुंद रस्ते, आखीव चौकोन. घरं हादऱ्याला चांगली. पण बळद नाही, गोठा नाही, बोळ नाही, शेजारणीला हाक मारायला दहा पावलं जास्त. त्या गावांत नंतर लोकांनी हातांनी काय काय वाढवलं ते बघायला जा, माणसाला काय हवं असतं ते कळतं.

पाण्याची आठवण तर आपली अजून कमी. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेने बीड शहरात जे केलं ते साठीच्या माणसांना विचारा. वस्त्याच्या वस्त्या धुवून गेल्या. नंतर दुष्काळाची वर्षं आली. २०१६ ला शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, आपल्याकडे बोअर सहाशे फुटांवर कोरडे. त्याच काळात शहरात तळघरं जास्त निघाली, कारण खड्डा खणला की धूळ उडत होती! मग सप्टेंबर २०२५ आला. सिंदफणा पात्र सोडून फिरली, मराठवाड्यात शेतं खरवडून गेली, आणि शहरात दुकानदार तळघरातून मोटारीने पाणी उपसत बसले.

तांत्रिक भाग थोडक्यात, मला समजलेला. काळीत तळघर खणलं की भोवती भराव पडतो. मूळ माती पाणी लवकर सोडत नाही, भराव मात्र भुसभुशीत. म्हणजे छपराचं, अंगणाचं, नालीचं सगळं पाणी भरावात उतरून तळघराच्या भिंतीला लागून उभं राहतं. आपण विहीर खणतो आणि मधे खोली ठेवतो. ओली काळी फुगून भिंतीवर बाजूने रेटा देते, आणि पाणी खालून फरशी वर ढकलतं. यावर उपाय आहेत. आरसीसीची भिंत, बाहेरून वॉटरप्रूफिंग, मुरमाचा भराव, पाणी काढायचा खड्डा आणि मोटार. पण हे सगळं नीट केलं तर तळघराचा खर्च वरच्या मजल्यापेक्षा जास्त होतो. म्हणजे मग वर एक खोली जास्त का बांधू नये? हा हिशोब मिस्त्री सांगत नाही.

जोडघरात खरी गंमत वेगळीच आहे. एका भावाला तळघर हवं, दुसऱ्याला नको. असं एक घर मी स्वतः पाहिलं, आपल्याच शहराच्या नव्या लेआउटमध्ये, नावं देत नाही. मोठ्याचा पाया पाच फुटांवर, घर उभं. धाकट्याने वर्षभराने जेसीबी लावून अकरा फूट खणलं. रात्रीत पाऊस झाला. सकाळी मधल्या भिंतीत वरून खालपर्यंत चीर, मोठ्याच्या स्वयंपाकघरातला ओटा तिरपा. माणूस गेला नाही हे नशीब. दोघांचं बोलणं मात्र गेलं, आणि आई कोणाकडे राहणार हा प्रश्न नव्याने उभा राहिला. दोन पाये दोन खोलीवर असले की दोन घरं वेगवेगळी बसतात, आणि जोड जिथं आहे तिथंच फाटतं. पावसाळा नसता तरी हे कधी ना कधी झालंच असतं.

कायदाही याबाबतीत जुना आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात तत्त्व लिहिलंय की प्रत्येक जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे. तुमच्या हद्दीत खणताय म्हणून शेजाऱ्याची माती ढासळवायची मुभा नाही. पण त्यातच मेख अशी की हा नैसर्गिक हक्क मोकळ्या जमिनीचा. वर घराचं ओझं असेल तर त्या आधाराचा हक्क वीस वर्षं अखंड वापरातून किंवा करारातून मिळवावा लागतो. म्हणजे नव्या घराचा मालक अडचणीत. म्हणून वाटणीपत्रात, खरेदीखतात मधल्या भिंतीबद्दल स्पष्ट लिहून घ्या. भिंत कोणाच्या हद्दीत किती इंच, तिच्यावर मजला चढवायचा हक्क कोणाला, तिच्यापासून किती फुटांच्या आत कोणीही पायापेक्षा खोल खणणार नाही. भाऊ आहे म्हणून नको म्हणता? भाऊ आहे म्हणूनच लिहा. राज्याची २०२० ची एकत्रित बांधकाम नियमावली आता नगरपालिकांनाही लागू आहे, आणि तळघर राहायची खोली म्हणून वापरता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. भाडेकरू तळघरात ठेवणारे मला माहीत आहेत.

माझं मत विचाराल तर जोडघर जरूर बांधा. विशेषतः आपल्या जिल्ह्यात, जिथं दसरा-दिवाळीनंतर अर्धी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. मागे म्हातारं माणूस एकटं, शाळेतलं पोर आजीजवळ. मधली भिंत सामाईक असेल तर रात्री खोकल्याचा आवाज तरी पलीकडे जातो. घरकुल योजनेत सध्या किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट घर आणि सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात. दोन भावांना घरकुलं मंजूर असतील आणि गावठाणात जागा तोकडी असेल, तर एका भिंतीची बचत हा थट्टेचा विषय नाही. पंचायत समितीच्या इंजिनिअरांनी जोडघराचा एक चांगला नकाशा गावोगाव लावला तर कितीतरी लोकांचे पैसे वाचतील. मी दोनदा हे सुचवलं, हसून चहा पाजला.

तळघर मात्र घाटावर, मुरूम लागला आणि पाण्याला उतार असला तरच. काळीवर नको. नदी-नाल्याच्या खोलगट भागात तर मुळीच नको, मग आर्किटेक्टचा थ्रीडी फोटो कितीही देखणा असो. आणि काढायचंच असेल तर दोन्ही घरांखाली एकाच वेळी, एकाच खोलीचं, एकाच इंजिनिअरच्या सहीने. एकाने आज आणि दुसऱ्याने पाच वर्षांनी, हे चालणार नाही.

प्लॉट घेण्याआधी एक काम करा, फुकटचं आहे. त्या शेताच्या जुन्या मालकाला गाठा आणि विचारा, भादव्यात इथं पाणी किती दिवस उभं राहायचं, आणि खाली मुरूम किती हातावर लागतो. त्याने विहीर खणली असेल तर त्याला पक्कं माहीत असतं. सातबारावर हे लिहिलेलं नसतं.

आणि कोणाच्या गावात अजून जिवंत पेव किंवा बळद असेल, तोंड दगडाने झाकलेलं का असेना, तर फोटो आणि गावाचं नाव पाठवा. धारूर आणि वडवणीच्या बाजूने मला अजून एकही मिळालेलं नाही.